हा चौक कोणाच्या लग्नाचा?

वारली चित्रकलेवर माझं प्रेम आहे, असं मी वर्षानुवर्षं सांगत आले. ते खोटं नव्हतं. पण त्या प्रेमाच्या भरात मी ज्या गोष्टी केल्या त्यांतल्या बऱ्याच चुकीच्या होत्या. माझ्या व्यवसायातली अनेक माणसं त्याच चुका आजही मनापासून करत आहेत, म्हणून त्या क्रमानं लिहून काढते आहे. एखाद्या समाजाच्या कलेची कदर करणं आणि ती कला त्या समाजाच्या हातून काढून घेणं, यांतलं अंतर मला पुस्तकं वाचून कळलं नाही. चुकत चुकत कळलं, आणि त्या चुकांची झळ माझ्यापेक्षा इतरांना जास्त बसली.

मी पुण्यात डिझाइनचा व्यवसाय करते. लग्नपत्रिका, भेटवस्तू, कापडावरची छपाई, हॉटेलं आणि कार्यालयांच्या भिंती रंगवून देणं, असं कामाचं स्वरूप. सुरुवातीच्या काळात उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांची शिबिरं घेत असे. त्यांत हमखास एक दिवस वारलीचा असायचा. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून काढले की धड झालं, वर गोल डोकं, चार रेघा म्हणजे हातपाय. मुलांना ते लगेच जमायचं आणि घरी न्यायला एक छान चित्र मिळायचं. पालक खूश व्हायचे. "किती सोपी आणि निरागस कला आहे बघा," हे माझं ठरलेलं वाक्य होतं.

त्या मुलांना मी वारली ही माणसं आहेत हे कधी सांगितलं नाही. मुंबईपासून लोकलच्या अंतरावर डहाणू, तलासरी, जव्हार, विक्रमगड या तालुक्यांत आणि पलीकडे गुजरात, दादरा-नगर हवेलीपर्यंत हा समाज राहतो, भातशेती करतो, मजुरीसाठी वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातो, हे मुलांच्या कानावर आलं नाही. त्यांच्या मनात वारली हे एका नक्षीचं नाव म्हणून रुजलं. एखादं मूल विचारायचं, "हे लोक आता असतात का?" मी "असतात ना, जंगलात," असं सांगून पुढे जायचे. त्या उत्तराची मला आज सर्वांत जास्त लाज वाटते. मला माहीत नव्हतं म्हणून ते उत्तर आलं नव्हतं. त्या प्रश्नात थांबण्यासारखं काही आहे, असंच मला वाटलं नव्हतं.

शिबिरांतून पुढे मी लग्नपत्रिकांकडे वळले. त्या काळात शहरी मंडळींना 'मातीशी नातं सांगणारी' पत्रिका हवी असायची. मी वारली चौक घेतला. पुस्तकांतल्या छायाचित्रांवरून त्याची नक्षीदार चौकट हुबेहूब उतरवली, गेरूच्या रंगाच्या कागदावर पांढऱ्या शाईत छापली आणि चौकटीच्या मधोमध वधूवरांची आद्याक्षरं घातली. पत्रिका फार गाजली. नंतर तीच चौकट चहाच्या पेल्यांखाली ठेवायच्या चकत्यांवर आली, उशांच्या अभ्र्यांवर आली आणि शेवटी दारातल्या पायपुसण्यांवरही आली.

त्या चौकटीच्या मध्ये मुळात काय असतं, हे मी ज्या पुस्तकांतून चौकट उचलली त्यांतच लिहिलेलं होतं. मी चित्रं पाहिली, मजकूर वाचला नाही. वारल्यांमध्ये चौकाशिवाय लग्न लागत नाही. घराच्या भिंतीवर शेणमातीचा आणि गेरूचा हात फिरवतात. तांदळाचं पीठ पाण्यात कालवतात. बांबूच्या काडीचं टोक चावून त्याची कुंचली करतात आणि सवाशिणी चौक काढतात. चौकाच्या आत पालघट देवी असते. ती सृजनाची, भरल्या धान्याची देवी. शेजारच्या लहान चौकात पंचशिऱ्या देव. धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी स्त्री, गाणी म्हणून देवांना बोलावते. चौकाची चौकट ही देवीच्या भोवतीची जागा असते. मी त्यातून देवी काढली, गिऱ्हाइकांची आद्याक्षरं बसवली, आणि शेवटी ती चौकट लोकांच्या पायांखाली घातली.

हे मला एका वारली आजींनी दाखवून दिलं. एका हॉटेलची मोठी भिंत रंगवायची होती आणि या वेळी 'खऱ्या' वारली चित्रकाराकडून ती करून घ्यावी, असं माझ्या मनात आलं. ओळखीतून डहाणू तालुक्यातल्या एका पाड्यावर गेले. तिशीतले एक चित्रकार भेटले. आपल्या कामाचे नमुने दाखवावेत म्हणून मी सोबत पत्रिका आणि चकत्या नेल्या होत्या. त्यांच्या घरातल्या आजी शेजारी बसून तांदूळ निवडत होत्या. त्यांनी पत्रिका हातात घेतली, बराच वेळ पाहिली आणि विचारलं, "हा चौक कोणाच्या लग्नाचा?"

मी म्हणाले, "कोणाच्या असं नाही आजी, सगळ्यांनाच देतो. चौक म्हणजे नक्षी म्हणून."

त्यांनी पुन्हा विचारलं, "मग देव कुठाय?"

मी काहीतरी उत्तर दिलं. काय ते आठवत नाही, पण ते कलेच्या मुक्ततेबद्दल होतं एवढं आठवतं. आजींनी पत्रिका खाली ठेवली आणि पुन्हा तांदूळ निवडायला घेतले. त्या रागावल्या नाहीत. माझ्याशी वाद घालावा, एवढा अधिकार आपल्याला आहे असं त्यांना वाटत नसावं. तसं वाटू नये याची तजवीज माझ्यासारख्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या केलेली आहे, हे मला नंतर समजलं.

समजलं ते गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' पुन्हा वाचताना. कॉलेजात ते वाचलं होतं, पण तेव्हा त्याचा वारली चित्रांशी संबंध जोडला नव्हता. १९४५ साली किसान सभेनं ज्या वेठबिगारीविरुद्ध वारल्यांचा लढा उभारला, तिचा एक प्रकार म्हणजे लग्नगडी. लग्नासाठी सावकाराकडून, जमीनदाराकडून कर्ज काढायचं आणि ते फेडण्यासाठी नवराबायकोनं त्याच्याकडे राबायचं. कर्ज फिटत नसे, माणूस सुटत नसे. ज्या लग्नासाठी भिंतीवर चौक निघायचा, त्याच लग्नापायी वारली स्त्रीपुरुष दुसऱ्याच्या मालकीचे होत. मी तो चौक लग्नाच्याच पत्रिकांवर छापून विकला, त्यातून पैसे मिळवले आणि वारल्यांच्या लग्नांचा हा इतिहास मला ठाऊक असूनही एकदाही आठवला नाही.

कदर असेल तर माणूस शोध घेतो, हे माझं पहिलं अनुमान. मला वारली चित्रं आवडत होती. पण त्यांच्यामागे काय आहे याचं कुतूहल नव्हतं. आवडणं हे माझ्या डोळ्यांचं सुख होतं, त्यात वारल्यांचा काही वाटा नव्हता.

यानंतर मी सुधारले असं मला वाटलं. पायपुसणी बंद केली. चौक वापरणं सोडलं. हॉटेलच्या भिंतीचं काम त्या चित्रकारांना दिलं आणि पुढेही देत राहिले. आता मी आदिवासी कलाकारांना काम देते, हे अभिमानानं सांगू लागले. माझ्या मोठ्या चुका इथून पुढच्या आहेत, कारण त्या करताना मी स्वतःला बरोबर समजत होते.

हॉटेलच्या भिंतीवर त्यांनी शेत काढलं, बैल काढले, तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवती वळत जाणारी नाचणाऱ्यांची साखळी काढली. मग शेताच्या मधून उंच खांबांची एक रांग काढायला सुरुवात केली. मी विचारलं, "हे काय?" ते म्हणाले, "बुलेट ट्रेन, ताई. आमच्याकडे मोजणी झाली." मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा मार्ग पालघर जिल्ह्यातून जातो. जमिनी देण्याला तिथल्या आदिवासींनी किती विरोध केला, त्याच्या बातम्या मी वाचल्या होत्या. तरी मी म्हणाले, "हे नको. पारंपरिक ठेवूया. लोकांना पारंपरिक आवडतं." त्यांनी एक शब्द न बोलता खांबांवर गेरूचा हात फिरवला आणि तिथे झाडं काढली.

मी कोणती परंपरा वाचवली? वारली चित्रकारांनी आगगाडी काढली आहे, मोटार काढली आहे, विमान काढलं आहे. भोवती जे घडतं ते भिंतीवर येणं ही त्या कलेची रीतच आहे. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे रोज चित्रं काढत. लग्नाची वाट पाहत बसत नसत. त्यांनी माशांची जाळी, मुंग्यांची वारुळं, शेतीची कामं, रोजचं सगळं जगणं चित्रात आणलं. ज्या माणसाला २०११ साली पद्मश्री मिळाली, त्याचं मोठेपण चालत आलेल्या मर्यादेच्या पुढे जाण्यातच होतं. मी मात्र पुण्यातल्या एका हॉटेलात उभी राहून एका वारली माणसाला सांगत होते, की तू काय काढलंस म्हणजे ते वारली होईल. मला त्यांचं देखणं जग हवं होतं, त्यांची अडचण नको होती. दुसऱ्याच्या संस्कृतीतला सोयीचा भाग ठेवून घ्यायचा आणि दुखरा भाग पुसायला लावायचा, हा अपहारच आहे. काम देऊन, पैसे मोजून केला म्हणून तो वेगळा होत नाही.

पैशांबद्दलही लिहिलं पाहिजे. मी त्यांना रोजावर पैसे देत होते. रंगाऱ्याचा रोज असतो तसा. कापडावर आणि कागदावर त्यांनी केलेली चित्रं मी प्रदर्शनांत ज्या किमतीला विकत असे, तिच्या दहाव्या हिश्शाहून कमी रक्कम त्यांच्या हाती जायची. जागेचं भाडं, प्रवास, छपाई, गिऱ्हाईक शोधणं हे सगळं माझ्याकडे असल्यानं मला ते वाजवी वाटायचं. प्रत्येक चित्राला जी चिठ्ठी बांधलेली असे, तिच्यावर माझ्या स्टुडिओचं नाव आणि 'हस्तनिर्मित वारली कला' एवढंच असायचं. चित्रकाराचं नाव नसायचं. विचारलंच कोणी, तर मी म्हणायचे, "ही समूहाची कला आहे. यात एकाचं नाव नसतं." माझ्या स्वतःच्या डिझाइनखाली मात्र मी आठवणीनं सही करत होते.

आणि मी त्यांना अरे-तुरे करत होते. ते मला "ताई, तुम्ही" म्हणत. वय माझं जास्त असलं तरी त्यांच्याच वयाच्या पुण्यातल्या चित्रकाराला मी पहिल्या भेटीत "तू" म्हटलं नसतं. हे माझ्या लक्षात आणून दिलं ते माझ्या मुलीनं. तिनं एका फोननंतर विचारलं, "आई, तू त्यांना तू का म्हणतेस?" मला उत्तर देता आलं नाही. त्या दिवसापासून मी "तुम्ही" म्हणायला लागले. पहिले काही दिवस आम्हा दोघांनाही ते अवघड गेलं.

'समूहाची कला' हे माझं कारण किती सोयीचं होतं, ते इतिहास वाचल्यावर ध्यानात आलं. भास्कर कुलकर्णी हे हातमाग आणि हस्तकलांसाठी काम करणारे मराठी चित्रकार. १९६० च्या दशकात दुष्काळाच्या वेळी ते बिहारात मिथिलेला गेले आणि भिंतीवर चित्रं काढणाऱ्या तिथल्या बायकांना त्यांनी कागद दिला. पुढे १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ते डहाणू भागात आले आणि वारली चित्रांची बाहेरच्या जगाशी गाठ पडली. मिथिलेत भिंतीवर चित्रं काढणाऱ्या बायका चित्रकार म्हणून नावानं ओळखल्या जाऊ लागल्या. जगदंबा देवींना १९७५ साली पद्मश्री मिळाली. वारल्यांमध्येही परंपरेनं चौक काढायच्या त्या बायकाच. पण चित्र कागदावर आलं, बाजारात आलं, तेव्हा पुढे आले ते बहुतेक पुरुष. म्हसे यांची प्रतिभा यानं तसूभरही कमी होत नाही. पण ज्यांनी ही कला पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली त्या सवाशिणी आणि धवलेरी बिननावाच्या राहिल्या. मीही पाड्यावर गेले तेव्हा बोलले ते पुरुषांशीच. कामाचं ठरवलं त्यांच्याशी, पैसे दिले त्यांच्या हातात. आजी तिथेच बसल्या होत्या. आयुष्यभर चौक काढत आलेल्या त्या बाईला मी साधं विचारलंही नाही, की तुम्ही चित्र काढाल का?

हे सगळं एकेक करून अंगावर आलं तेव्हा मी एकदम टोकाचा निर्णय घेतला. वारलीचं काम पूर्ण थांबवलं. आपला या कलेवर काही हक्क नाही, आपण हात लावायला नको, असं ठरवलं. हाती असलेल्या दोन मोठ्या ऑर्डर परत केल्या. मला खूप हलकं वाटलं.

काही आठवड्यांनी त्या चित्रकारांचा फोन आला. "ताई, आमचं काही चुकलं का?"

मी त्यांना माझी कारणं सांगितली. ते शांतपणे ऐकून घेऊन म्हणाले, "तुम्हाला वाईट वाटलं म्हणून आमचं काम बंद झालं. आम्हाला एकदा विचारायचं तरी." पावसाळ्याआधी घराचं छप्पर करायचं म्हणून त्यांनी त्या ऑर्डरींच्या भरवशावर उसने पैसे घेतले होते. माझं मन निर्मळ ठेवण्यासाठी मी त्यांच्या घरावर कर्ज ठेवलं होतं. लग्नगड्यांचा इतिहास वाचून झाल्यानंतर मी हे केलं.

ही चूक मला सर्वांत मोठी वाटते. आधीच्या चुकांमध्ये मी त्यांना न विचारता घेतलं होतं. या चुकीत न विचारता सोडलं. दोन्ही वेळी ठरवणारी मीच होते. अपहाराच्या भीतीनं दुसऱ्याच्या कलेपासून दूर पळणं म्हणजे आदर, असं आज अनेक सुशिक्षित माणसांना वाटतं. त्यांना मी हे कळकळीनं सांगते: वारली चित्रं विकली जाणं थांबलं तर त्यात वारल्यांचा फायदा नाही. चित्रावर जगणारी कितीतरी कुटुंबं आहेत. त्यांना गिऱ्हाईक हवं आहे. त्यांचा आक्षेप विकण्याला नाही, त्यांना वगळून विकण्याला आहे.

मग चौकाचं काय? तो विकायचा की नाही? हा प्रश्न मी पुढे अनेक वारली चित्रकारांना विचारला आणि मला एकच उत्तर मिळालं नाही. काही जण म्हणाले, लग्नाचा चौक लग्नातच राहावा. काही जण म्हणाले, आम्ही कागदावर पालघट काढतो आणि विकतो, त्यात वाईट काय? घरच्या भिंतीवरचा चौक वेगळा, कागदावरचा वेगळा. एका बाईंनी सांगितलं, "भिंतीवर लावायला विकत घ्यायचा असेल तर घ्या, पायाखाली नको." या मतांत मेळ घालणं माझं काम नाही. कोणत्याही जिवंत समाजात अशी मतं वेगवेगळीच असणार. त्यांचा निर्णय त्यांच्यात व्हायचा आहे. माझं काम एवढंच, की ज्यांच्याबरोबर मी काम करते त्यांचा नकार हा नकार म्हणून मानायचा.

हा प्रश्न फक्त वारलीपुरता नाही. २०२५ च्या जूनमध्ये मिलानमध्ये प्राडा या इटलीतल्या फॅशन कंपनीनं पुरुषांच्या संग्रहात कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि सुरुवातीला कोल्हापूरचं नावही घेतलं नाही, तेव्हा महाराष्ट्रभर संताप उसळला. मीही संतापले. भौगोलिक मानांकन २०१९ साली मिळालेली ही चप्पल. महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे तिचे धनी. कंपनीनं नंतर भारतीय प्रेरणा मान्य केली, तिची माणसं कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटली आणि वर्ष संपता संपता दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी तिनं करार केला. दबाव आला म्हणून हे झालं, आणि असा दबाव यायलाच हवा.

पण त्या दिवसांत मी लोकांची वाक्यं ऐकत होते. "आमची कोल्हापुरी चोरली." हे म्हणणाऱ्यांत माझ्यासारखे कितीतरी होते, ज्यांच्या घरातल्या कोणी आयुष्यात चामड्याला हात लावला नाही. ती बनवणारे म्हणजे कातडं कमावणारा ढोर समाज आणि चप्पल शिवणारा चर्मकार समाज. ज्या कामासाठी गावानं त्यांना वेशीबाहेर ठेवलं, त्याच कामाची वस्तू जगात मान मिळवू लागली की ती एकदम सगळ्या महाराष्ट्राची होते. इटलीतल्या कंपनीनं कोल्हापूरचं नाव घेतलं नाही याचा आपल्याला राग आला. आपण स्वतः चप्पल घेताना ती कोणी शिवली हे किती वेळा विचारलं? अपहार करणारा नेहमी परदेशीच असतो असं नाही. वारल्यांच्या बाबतीत तो मुंबई-पुण्यातला आहे, मराठी बोलणारा आहे, आणि 'ही आपलीच लोककला' असं प्रेमानं म्हणणारा आहे. मी तशीच होते.

या बाबतीत कायद्याचा आधार तोकडा आहे, हेही सांगायला हवं. वारली चित्रकलेला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, आणि ते आदिवासींच्याच संघटनेनं प्रयत्न करून मिळवलं. मानांकनाचा १९९९ चा कायदा 'वारली चित्रकला' या नावाला संरक्षण देतो. शैलीला देत नाही. नाव न घेता कोणी तशीच चित्रं यंत्रावर छापली तर त्याला अडवणं अवघड असतं. कॉपीराइट एका निर्मात्याचा असतो, त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या चौकाला असा एक निर्माता कुठून आणणार? म्हणून चौक कायद्यानं कोणाचाच ठरत नाही आणि कोणीही तो उचलतो. माझ्या पत्रिकांवर कधीही कोणी दावा केला नाही, करूही शकलं नसतं. कायद्यानं अडवलं नाही म्हणून ते योग्य होतं, असं त्या काळी मी धरून चालले होते.

आता मी काम वेगळ्या पद्धतीनं करते. त्या चित्रकारांशी आणि त्यांच्या घरातल्या दोन बायकांशी लेखी करार आहे, मराठीत. चित्राची विक्रीची किंमत त्यांना आधी कळते आणि ठरलेला हिस्सा प्रत्येकाच्या स्वतःच्या खात्यात जमा होतो. चित्रावर सही त्यांची असते, चिठ्ठीवर नाव आणि गाव त्यांचं असतं, माझं नाव खाली, विक्रेती म्हणून. कोणतं चित्र वस्तूवर छापायचं, कोणत्या वस्तूवर छापायचं नाही, हे ते ठरवतात. छापील वस्तू पुन्हा छापली तर पुन्हा पैसे दिले जातात. काय काढायचं हे मी सांगत नाही. गेल्या प्रदर्शनात एका मोठ्या चित्रात बुलेट ट्रेनचे खांब होते, तुटलेली झाडं होती, मोजणीच्या काठ्या घेतलेली माणसं होती. शिबिरं मी घेत नाही. कोणी मागणी केली तर वारली चित्रकाराला बोलावते, शहरातल्या कलाशिक्षकाला मिळतं तेवढं मानधन त्यांना द्यायला लावते, आणि चित्राआधी ते आपल्या गावाबद्दल बोलतात. माझा नफा पहिल्यापेक्षा कमी झाला आहे. तो कमी होणारच होता, कारण आधीच्या नफ्यात त्यांचे पैसे होते.

आजी वारल्या त्याला आता काही काळ झाला. त्यांचं नाव मी एकाही चित्राखाली लिहू शकले नाही, ही चूक दुरुस्त होणार नाही.

कदर आणि अपहार यांतलं अंतर मी पूर्वी भावनेत शोधत होते. माझ्या मनात आदर आहे ना, मग झालं, असं समजत होते. माझा अनुभव सांगतो की ते अंतर व्यवहारात असतं. नाव कोणाचं लागतं, पैसा कोणाकडे जातो, अर्थ कोण सांगतं आणि नको म्हणण्याचा हक्क कोणाला आहे, या चार गोष्टी तपासल्या की अंतर स्वच्छ दिसतं. आदर यांच्या आधी येऊ शकतो, यांच्याऐवजी येऊ शकत नाही.

वाचकांना एक विनंती आहे. तुमच्या घरात वारली चित्र असेल: भिंतीवर, साडीच्या पदरावर, कपावर, नाहीतर जपून ठेवलेल्या एखाद्या लग्नपत्रिकेवर. ते कोणी काढलं, हे शोधून पाहा. पुढच्या खरेदीच्या वेळी दुकानदाराला चित्रकाराचं नाव आणि गाव विचारा, त्याला किती पैसे मिळाले तेही विचारा. उत्तर मिळालं नाही तर ते चित्र घेऊ नका. ज्याच्याकडच्या वस्तूवर चित्रकाराचं नाव आहे त्याच्याकडून घ्या, आणि शक्य असेल तर थेट चित्रकाराकडून घ्या. डहाणू लांब नाही.